यहेज्केल ३७ मधल्या दोन काठ्या: सीमाभागातल्या मिश्र गटाला हा पाठ कसा शिकवावा?

खानापूर_तरुणसंघ विचारतात:

जय ख्रिस्त सर्वांना. आमच्या तरुण संघात बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातला ३७:१५-२८ हा उतारा घ्यायचा आहे. मुलं १४ ते २२ वयाची, काही मराठी शाळेत शिकलेली, काही कन्नड माध्यमातली, दोन-तीन घरांत कोकणी बोलतात. वेळ ५० मिनिटं.

अडचण उताऱ्यातच आहे. दुभंगलेल्या लोकांना देव पुन्हा एक करील, असं वाचलं की बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या माणसाच्या डोक्यात सगळ्यात आधी सीमाप्रश्न येतो. एका सभेत 'दोन काठ्या म्हणजे तोडलेला मराठी मुलूख' असा अर्थ सांगितला गेला. दुसरीकडे 'एक काठी मराठी मंडळी, दुसरी कन्नड मंडळी' असं सांगतात. मोबाईलवर येणाऱ्या व्हिडिओंत तर १९४८ साली इस्राएल देश झाला तेव्हाच ही भविष्यवाणी पूर्ण झाली, विषय संपला, असंच असतं.

मला मुलांना खरं तेच सांगायचं आहे, पण वर्गात भांडण नको. मूळ अर्थ काय, ख्रिस्ती लोक तो कसा कसा लावतात, आणि प्रत्यक्ष काठ्या घेऊन शिकवायचं तर काय करावं?

---

वचनवाचक_टिळकवाडी:

भाऊ, जय ख्रिस्त. या उताऱ्याची एक मोठी सोय आहे: त्याचा अर्थ बाहेरून आणावा लागत नाही. १५ ते १७ वचनांत संदेष्टा दोन काठ्यांवर नावं लिहून त्या हातात एक करतो, १८ मध्ये लोक 'याचा अर्थ आम्हाला सांग' म्हणतात, आणि १९ ते २८ अशी दहा वचनं देव स्वतः उत्तर देतो. मुलांकडून ती दहा वचनं वाचून घ्या आणि जे सापडेल तेवढंच फळ्यावर लिहा. एक राष्ट्र आणि एक राजा (२२), मूर्तींपासून शुद्धी (२३), एक मेंढपाळ (२४), वतनाचा देश (२५), शांतीचा करार आणि मध्यभागी पवित्रस्थान (२६), देवाचा निवास (२७), आणि हे सगळं पाहून इतर राष्ट्रांना होणारी ओळख (२८). कुणी कुठलाही अर्थ आणला तरी तो या फळ्याशी ताडून बघायचा. नियम एवढाच.

मग काठ्यांवरची नावं. पहिलीवर यहूदा, म्हणजे दक्षिणेचं राज्य, 'आणि त्याचे सोबती'. हे सोबती म्हणजे बन्यामीन वंश (१ राजे १२:२१), शिवाय उत्तरेतून यरुशलेमाकडे निघून आलेले लेवी आणि इतर वंशांतले लोक (२ इतिहास ११:१३-१६). दुसरीवर योसेफ, म्हणजे एफ्राईम, उत्तरेचं राज्य. दहा वंशांच्या राज्याला एकाच वंशाचं नाव का, हे मुलं हमखास विचारतात. याकोबाने योसेफाच्या दोन मुलांपैकी धाकट्या एफ्राइमाला पुढे केलं (उत्पत्ती ४८), आणि उत्तरेचा पहिला राजा यराबाम हा एफ्राइमी होता (१ राजे ११:२६). ही दोन कारणं पुरेशी आहेत.

तारखा फळ्याच्या कडेला लिहून ठेवा, त्याशिवाय या उताऱ्याचं वजन कळत नाही. शलमोनानंतर शखेमात राज्य फुटलं ते इ.स.पू. ९३० च्या सुमारास. अश्शूरी लोकांनी उत्तरेची राजधानी शोमरोन घेतलं ७२२ च्या सुमारास. बाबेलच्या फौजेने यरुशलेम पाडलं ५८६ मध्ये (काही अभ्यासक ५८७ धरतात). यहेज्केल त्याआधीच, ५९७ मध्ये, कैद्यांबरोबर बाबेलात गेला होता, आणि शहर पडल्याची बातमी त्याला ३३:२१ मध्ये मिळते. म्हणजे ३७ व्या अध्यायापर्यंत दुसऱ्या काठीवरचं राज्य नाहीसं होऊन सुमारे १३५ वर्षं झाली होती आणि पहिल्या काठीवरचंही नुकतंच गेलं होतं. दोन्ही काठ्या वाळलेल्या. म्हणूनच हा उतारा सुक्या हाडांत जीव येण्याच्या दर्शनाला (३७:१-१४) लागूनच येतो. पाठाची सुरुवात १५ व्या वचनापासून केलीत तरी ११ वं वचन, 'आमची आशा नष्ट झाली' हे, आधी एकदा वाचून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मुलांना जरा थांबवा. राज्य फुटलं कशाने? लोकांची तक्रार जड जुवाची होती, सक्तीच्या कामाची. शलमोनाचा मुलगा रहबाम याने जाणत्यांचा सल्ला टाकून तोंडाळ उत्तर दिलं (१ राजे १२:४-१४). पण ही फूट कायमची झाली ती पुढच्या पावलाने. यराबामाला भीती वाटली की माणसं यज्ञासाठी यरुशलेमाला जात राहिली तर त्यांची मनं पुन्हा दाविदाच्या घराण्याकडे वळतील, म्हणून त्याने बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं उभी केली (१२:२६-२९). राज्य वेगळं टिकावं म्हणून उपासना वेगळी केली. त्यानंतर २ राजे १७ पर्यंत जवळजवळ प्रत्येक उत्तरी राजाबद्दल तोच शेरा येतो: यराबामाचं पाप त्याने सोडलं नाही.

हे कळलं की यहेज्केलाचं उत्तर त्याच क्रमाने का आहे ते उलगडतं. तो सीमारेषा पुसण्याबद्दल बोलत नाही. मूर्ती जातील, राजा एक होईल, पवित्रस्थान एक होईल, आणि त्यामुळे लोक एक होतील, असं तो सांगतो. जिथे तुटलं तिथेच सांधलं जातं. आणि राजा कोण? 'माझा सेवक दावीद'. तो दावीद तर तेव्हा मरून जवळजवळ चारशे वर्षं झालेली. ३४:२३ मध्येही हाच एक मेंढपाळ आहे. म्हणून मंडळीने पहिल्यापासून इथे दाविदाच्या वंशातला मशीहा, प्रभू येशू, पाहिला. योहान १०:१६, एक कळप, एक मेंढपाळ, हे वाचताना यहेज्केल आठवलाच पाहिजे.

शोमरोनचा धागाही सोडू नका. योहान ४:२० मध्ये शोमरोनी बाईचा प्रश्न उपासनेच्या जागेचाच आहे: हा डोंगर की यरुशलेम? यराबामाच्या वेळचा वाद अजून मिटलेला नव्हता. येशू उत्तर देतो ते दोन्ही जागांपलीकडचं. पुढे प्रेषितांची कृत्ये १:८ मध्ये यरुशलेम, यहूदीया, मग शोमरोन असा क्रम येतो. ८:१४-१७ मध्ये फिलिप्पाने तिथे सुवार्ता सांगितल्यावर पेत्र आणि योहान मुद्दाम खाली जातात आणि त्यांनी हात ठेवल्यावरच शोमरोनी विश्वासणाऱ्यांना पवित्र आत्मा मिळतो. अनेक भाष्यकार याचं कारण असं देतात की शोमरोनात दुसरी, वेगळी मंडळी उभी राहू नये. हे मला पटतं.

एक पथ्य मात्र पाळा. शोमरोनी म्हणजे जुनं उत्तर राज्य जसंच्या तसं, असं सांगू नका. २ राजे १७:२४ प्रमाणे तिथे बाहेरचे लोकही वसवले होते.

सीमाप्रश्नाचं सरळ सांगून टाका. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेतून आलेला हा वाद आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्यावर प्रत्येकाचं आपलं मत असू शकतं. यहेज्केलात मात्र कुठल्याही बाजूसाठी वचन नाही. हा उतारा कराराच्या लोकांबद्दल आणि एका राजाबद्दल आहे. जो तो आपल्याला यहूदा ठरवून समोरच्याच्या हातात एफ्राइमाची काठी देऊ लागला की वचनातला राजा बाजूला पडतो.

---

मलप्रभाकाठ:

वरच्या मांडणीशी मी सहमत आहे. आता ख्रिस्ती लोकांत मतं कुठे फुटतात ते लिहितो, कारण मोठी मुलं व्हिडिओ पाहून येणारच.

पहिलं मत: भविष्यवाणी ख्रिस्तात आणि मंडळीत पूर्ण झाली आहे, होत आहे. याचा मोठा आधार म्हणजे प्रेषितांनी स्वतः अशी वचनं कशी वापरली ते. होशेय १:१०-११ मध्ये यहूदा आणि इस्राएल एकत्र जमून एकच प्रमुख नेमतील असं आहे. त्याच होशेयाची 'माझे लोक नव्हेत' ही वचनं पौल रोमकरांस ९:२४-२६ मध्ये यहूदी आणि परराष्ट्रीय दोघांना लावतो, आणि पेत्रही (१ पेत्र २:१०). आमोसाचं दाविदाचा पडलेला मंडप उभारण्याचं वचन याकोब यरुशलेमच्या सभेत परराष्ट्रीयांच्या प्रवेशासाठी वापरतो (प्रेषितांची कृत्ये १५:१६-१७). यिर्मया ३१:३१ मधला नवा करार 'इस्राएलाचं घराणं आणि यहूदाचं घराणं' या दोघांशी आहे, आणि इब्री लोकांस ८-९ मध्ये तो ख्रिस्ताच्या रक्ताचा करार ठरतो. हे मत कुठे अडखळतं? २५ व्या वचनातल्या देशापाशी. याकोबाला दिलेला, पूर्वज राहिले तो देश, असं स्पष्ट लिहिलेलं असताना त्याचा अर्थ निव्वळ आत्मिक कसा, याचं उत्तर द्यावंच लागतं.

दुसरं मत: इस्राएल म्हणजे इस्राएलच, आणि हे सगळं ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यात अक्षरशः घडेल. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने ही पद्धत मांडली आणि १९०९ च्या स्कोफील्ड टिपांच्या बायबलमधून ती जगभर पसरली. आपल्याकडच्या बऱ्याच पेंटेकॉस्टल आणि ब्रेदरन सभांत हीच शिकवली जाते. १९४८ बद्दल या मताचे जाणकारही 'पूर्ण झालं' म्हणत नाहीत, हे मुलांना जरूर सांगा. ते ३७:८ कडे बोट दाखवतात: हाडांवर मांस आलं, कातडी आली, पण श्वास नव्हता. म्हणजे लोक जमले, आत्मा अजून यायचा आहे. व्हिडिओवाले नेमकं हे गाळतात. २३ ते २८ मधली शुद्धी, दावीद राजा, करार, पवित्रस्थान यांतलं काय १९४८ साली घडलं, एवढं विचारलं तरी पुरे. या मताची अडचण वेगळी आहे. यहेज्केल ४० ते ४८ मधलं मंदिर आणि त्यातले यज्ञही अक्षरशः धरावे लागतात, आणि मग इब्री लोकांस १० मधल्या 'एकदाच केलेल्या अर्पणा'शी मेळ घालावा लागतो.

तिसरं, मधलं मत रोमकरांस ११ वर उभं आहे: ख्रिस्तात एकत्र येणं सुरू झालं आहे, परराष्ट्रीय हे कलम केलेल्या फांद्या आहेत, पण देवाने इस्राएलाला टाकलेलं नाही, आणि त्यांच्यासाठी अजून काही राखून ठेवलं आहे (११:२५-२९). मी स्वतः इथे उभा आहे. तुमच्या संघाचे पाळक कुठलं मत शिकवतात ते आधी विचारा आणि तेच मुख्य ठेवा, बाकी दोन प्रामाणिकपणे सांगा. मत कुठलंही असो, ११:१८ मधला इशारा सुटू नये: फांद्यांवर तोरा मिरवू नको. 'यहूदी गेले, आता आम्हीच' असा सूर वर्गात येऊ देऊ नका.

आणखी एक वाचन कानावर येऊ शकतं, म्हणून सांगतो. मॉर्मन पंथ या काठ्या म्हणजे दोन ग्रंथ समजतो: यहूदाची काठी म्हणजे बायबल, योसेफाची म्हणजे त्यांचं मॉर्मनचं पुस्तक. फळ्याची कसोटी लावा. २१-२२ मध्ये देव म्हणतो, मी इस्राएल लोकांना जमा करीन, त्यांचं एक राष्ट्र करीन. पुस्तकाचा उल्लेख त्या दहा वचनांत कुठेच नाही.

---

निपाणी_संडेस्कूल:

मी फक्त काठ्यांचं लिहिते.

बाजारातला लादी पुसायच्या मॉपचा लाकडी दांडा घ्या, साधारण एक इंच जाडीचा. त्याचा ४० सें.मी.चा सरळ तुकडा हवा. दोन वेगळ्या काठ्या आणू नका. जाडीत थोडा जरी फरक असला तरी जोड मागच्या बाकावरून दिसतो. एकाच दांड्याचे दोन तुकडे केले की जाडी आपोआप जुळते, शिवाय दावीद-शलमोनाच्या वेळी हे राज्य एकच होतं हे न सांगता कळतं. बांबू नको, पोकळ असतो आणि करवतीने कडेला चिरतो.

बरोबर मध्यावर, २० सें.मी.वर, कागदाची सरळ पट्टी दांड्याभोवती गुंडाळा. पट्टीची कड कडेवर बसली की पेन्सिलने गोल रेघ मारा. नुसत्या नजरेने कापलंत तर कड तिरकी होते, आणि मग दोन टोकं भिडवली की काठी सांध्यात वाकडी दिसते. रेघेवर बारीक दातांच्या करवतीने दांडा फिरवत फिरवत कापा, एका दमात आरपार नको, शेवटचा भाग ढलपी काढतो. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून त्यावर टोक घासा. हे सगळं घरी करून ठेवा, वर्गात करवत नको.

नावं बाहेरच्या अर्ध्या भागावर लिहा, कापलेल्या टोकाकडे नाही. कारण जोड मुठीत झाकायचा आहे, आणि मोठ्या माणसाच्या मुठीत ८-९ सें.मी. लाकूड जातं. म्हणजे प्रत्येक काठीचा कापलेल्या बाजूचा ५ सें.मी. भाग कोरा ठेवला की काम झालं. दांड्याला पॉलिश असेल तर मार्कर ओघळतो, तेवढा भाग आधी घासून घ्या. एका बाजूला मराठीत, फिरवून मागच्या बाजूला कन्नडमध्ये, अशी दोन्ही नावं दोन्ही काठ्यांवर येऊ द्या. मराठीत यहूदा आणि कन्नडमध्ये योसेफ असं चुकूनही करू नका. तुमचं सगळं भांडण तिथूनच सुरू होईल.

फेविकॉल, चुंबक, खिळा काही नको. १७ व्या वचनात काठ्या संदेष्ट्याच्या हातात एक होतात आणि १९ मध्ये देव म्हणतो, त्या माझ्या हातात एक होतील. धरून ठेवणारा हातच आहे. मूठ उघडली की काठ्या सुटतात, हेही एकदा दाखवा आणि पुन्हा धरा.

क्रम मात्र पाळा. आधी बोलू नका. उभे राहा, एक काठी दाखवा, दुसरी दाखवा, टोकं भिडवा, मूठ मिटा आणि गप्प राहा. कुणीतरी 'म्हणजे काय?' विचारतंच. ते विचारलं की १८ वं वचन वाचा. आधीच अर्थ सांगून टाकलात तर हे वचन वाया जातं.

---

खानापूर_तरुणसंघ:

ताई, दादा, मनापासून आभार. दांडा आजच आणतो. दोन शंका उरल्या. एक, 'हरवलेले दहा वंश' म्हणून कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचं नाव एका मुलाने घेतलं. त्याला काय सांगू? दोन, वाचन दोन भाषांत कसं बसवू?

---

वचनवाचक_टिळकवाडी:

त्या मुलाचं कौतुक करा, त्याने आपल्या जवळचं उदाहरण काढलं. बेने इस्राएल हे रायगडकडचे, अलिबागच्या आसपासचे, मराठी बोलणारे यहूदी. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यातले बरेच जण इस्राएलला गेले आणि १९६४ साली तिथे त्यांना सर्व बाबतींत पूर्ण यहूदी म्हणून मान्यता मिळाली. मुळाबद्दल त्यांच्यात एकाहून अधिक परंपरा आहेत. काही दहा वंशांशी नातं सांगतात, काही त्यानंतर कितीतरी शतकांनी समुद्रमार्गे आल्याचं सांगतात. मणिपूर-मिझोराममधले बेने मनश्शे तर मनश्शे वंशाचंच नाव लावतात. या परंपरांचा मान ठेवा, पण भविष्यवाणीचा पुरावा म्हणून त्या वापरू नका.

तसं पाहिलं तर दहा वंश पूर्ण हरवले हेच शास्त्राला धरून नाही. अश्शूरी राजा सर्गोनाच्या कोरीव लेखांत शोमरोनातून सत्तावीस हजारांवर लोक नेल्याचं आहे. म्हणजे सगळी प्रजा गेली नाही. शोमरोन पडून शंभर वर्षं होत आली तरी योशीया राजाच्या वेळी मनश्शे आणि एफ्राइमातून मंदिराच्या दुरुस्तीला पैसे आले (२ इतिहास ३४:९). बंदिवासातून परतल्यावर मंदिराच्या समर्पणात बारा वंशांसाठी बारा बकरे अर्पण केले (एज्रा ६:१७). आणि बाळ येशूला मंदिरात पाहणारी हन्ना ही आशेर वंशातली, उत्तरेकडची (लूक २:३६). हे शेवटचं वचन त्या मुलालाच वाचायला द्या.

---

मलप्रभाकाठ:

वाचनाचं सांगतो. एकेक वचन आलटून पालटून दोन भाषांत वाचू नका. दोन्हीकडची मुलं जागा चुकतात आणि पानं चाळण्यात १० मिनिटं जातात. १५ ते १९ मराठीत, २० ते २३ कन्नडमध्ये, आणि २४ ते २८ दोन्ही गटांनी एकाच वेळी, आपापल्या भाषेत मोठ्याने. वेळ कमी पडली तर आमची मतमतांतरं गाळा, १ राजे १२ गाळू नका.

तारीखही बघून धरा. १ नोव्हेंबरच्या आगेमागेचा रविवार टाळा. त्या दिवशी एका बाजूला कर्नाटक राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला मराठी संघटनांचा काळा दिवस असतो, आणि मुलं घरातून जे ऐकून येतात त्यापुढे वचन ऐकू येत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला घ्या, नाहीतर सरळ डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. दाविदाच्या वंशातल्या राजाची वाट पाहण्याचे ते दिवस असतात, पाठ तिथे नीट बसेल.